थंडीत पंखे बंद, कूलर बंद, तरी नांदेड-लातूरमध्ये वीज बिल का वाढतं?

डिसेंबर उजाडला की नांदेड आणि लातूरमध्ये घरातले पंखे बंद होतात. कूलर तर दिवाळीआधीच झाकून ठेवलेला असतो. म्हणजे विजेचा वापर कमी व्हायला हवा. पण जानेवारीत हातात आलेलं बिल ऑक्टोबरच्या बिलापेक्षा जास्त असतं, आणि मग 'मीटर पळतंय' ही चर्चा सुरू होते. नवे स्मार्ट मीटर बसल्यापासून तर या शंकेला आणखी धार आली आहे.

मीटरमध्ये बिघाड असू शकतो, तशी तक्रार करण्याचा हक्कही ग्राहकाला आहे. पण बहुतेक घरांत या वाढीचं उत्तर मीटरच्या डब्यात नसतं. ते न्हाणीघरात असतं.

थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च म्हटलं की डोळ्यासमोर रूम हिटर येतो. सोशल मीडियावरचे सल्लेही बहुतेक त्याच्याबद्दलचे, आणि तेही युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी असतात. मराठवाड्यातली थंडी वेगळी आहे. रात्री पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली जातो, पण दुपारी तोच पुन्हा २७-२८ अंशांवर चढतो. बालाघाटच्या पठारावरचं लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, गोदावरीकाठचं नांदेड त्यापेक्षा बरंच खाली. तरी दोन्हीकडे दिवसभर हिटर लावण्याची वेळ येत नाही. लागतं ते सकाळचं गरम पाणी. रोज, घरातल्या प्रत्येकाला, तीन महिने.

एका बादलीला किती वीज लागते?

हिशेब सोपा आहे. रात्रभर गच्चीवरच्या टाकीत थंड झालेलं पाणी सकाळी १८ अंशांचं आहे असं धरू. आंघोळीला ते ४२ अंशांपर्यंत तापवायचं आहे. म्हणजे २४ अंशांची वाढ. २० लिटरच्या बादलीला त्यासाठी साधारण ०.५६ युनिट वीज लागते. यात गीझर कोणत्या कंपनीचा, रॉड कितीचा, याने फारसा फरक पडत नाही. तेवढं पाणी तेवढं तापवायला तेवढी उष्णता लागणारच.

पाच माणसांचं घर असेल तर दिवसाला २.८ युनिट. महिन्याला ८४.

उन्हाळ्यात हीच टाकी इतकी तापते की नळाच्या पाण्याने पाय भाजतात, तेव्हा गीझर लावायचा प्रश्नच येत नाही. म्हणून हे ८४ युनिट फक्त हिवाळ्यात बिलावर चढतात. पंखे बंद केल्याने जे वाचतं, त्याहून जास्त बादलीत जातं.

१०० युनिटची रेघ

आता हे युनिट कोणत्या दराने मोजले जातात ते पाहू, कारण खरा फटका तिथे बसतो.

महावितरणच्या घरगुती ग्राहकांचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या, जुलै २०२५ पासूनच्या दरांत वहन आकार धरून पहिल्या टप्प्याचं युनिट सहा रुपयांच्या आसपास पडतं. दुसऱ्या टप्प्याचं साधारण साडेबारा रुपयांना. तिसऱ्याचं सतराच्या जवळपास. स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळं. खालचे सगळे हिशेब समजायला सोपे जावेत म्हणून ६ आणि साडेबारा या गोल आकड्यांवर, शुल्क न धरता केले आहेत.

इथे एक गैरसमज पक्का बसला आहे: '१०१ वं युनिट झालं की सगळं बिल महाग दराने लागतं.' तसं होत नाही. पहिली १०० युनिट स्वस्त दरानेच मोजली जातात, वरची तेवढी महाग होतात.

पाच माणसांच्या त्याच घरात फ्रिज, टीव्ही, दिवे, मिक्सर मिळून हिवाळ्यात ६० युनिट जातात असं समजा. आंघोळीचं पाणी वेगळं. त्या ६० युनिटचे झाले ३६० रुपये. त्यात गरम पाण्याचे ८४ मिळवले की आकडा जातो १४४ वर. पहिल्या १०० चे ६०० रुपये, वरच्या ४४ चे ५५०. एकूण ११५०.

म्हणजे गरम पाणी महिन्याला ७९० रुपयांना पडलं, आणि त्यातले ५५० रुपये फक्त रेघेच्या वरच्या ४४ युनिटचे आहेत. उलट बाजूने पाहिलं तर ही चांगली बातमीही आहे. या घराने वाचवलेलं प्रत्येक युनिट आधी या महागड्या ४४ मधून कमी होणार. सहाचं नाही, साडेबाराचं युनिट वाचणार.

लातूरच्या ट्युशन एरियात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं गणित मात्र वेगळं असतं. अनेक ठिकाणी घरमालक सब-मीटर लावून युनिटमागे एकच ठरावीक दर घेतात. तिथे टप्प्याचा फायदा भाडेकरूला मिळत नाही. पहिलं युनिटही त्याच दराचं आणि शेवटचंही. खोली घेताना डिपॉझिटएवढाच हा दरही विचारून घ्यायला हवा.

पाणी बोअरचं की टाकीतलं?

आता अशी गोष्ट जी या भागातल्या जवळजवळ प्रत्येकाला माहीत आहे, पण बिलाशी तिचा संबंध सहसा कुणी लावत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी बोअर चालू केला की पाण्यातून वाफा येतात. हात घातला तर पाणी कोमट लागतं.

जमिनीच्या बऱ्याच खाली तापमान वर्षभर जवळपास एकसारखं राहतं, त्या भागाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास. मराठवाड्यात ते २५-२६ अंश भरतं. उन्हाळ्यात हेच पाणी थंड वाटतं, हिवाळ्यात कोमट. पाणी तेच असतं, बाहेरची हवा बदललेली असते.

पण बहुतेक घरांत काय होतं? रात्री झोपण्याआधी मोटर लावून टाकी भरली जाते. मग ते २६ अंशांचं पाणी रात्रभर उघड्या आकाशाखाली गच्चीवर पडून राहतं, सकाळपर्यंत १८ वर येतं, आणि मग आपण पैसे देऊन ते पुन्हा तापवतो. निसर्गाने फुकट दिलेले आठ अंश रात्रीत गमवायचे आणि सकाळी महावितरणकडून विकत घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

मोटर रात्रीऐवजी सकाळी, आंघोळीच्या आधी लावली आणि पाणी थेट बादलीत किंवा जवळजवळ रिकाम्या टाकीत घेतलं, तर २४ ऐवजी १६ अंशच वाढवायचे राहतात. एक तृतीयांश वीज वाचली. आपल्या उदाहरणातल्या घरात ८४ चे ५६ युनिट होतात आणि बिल ११५० वरून ८०० वर येतं. मोटरचा खर्च तर वाढतच नाही, ती एरवीही लावावी लागतेच.

शिवाय २० लिटरच्या जागी १५ लिटरमध्ये आंघोळ उरकली, तर गरम पाण्याचे युनिट ४२ वर येतात. एकूण १०२. म्हणजे घर रेघेवर येऊन थांबतं आणि बिल सव्वासहाशेच्या आसपास. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला कमी पाण्यात आंघोळ कशी करायची हे कुणी शिकवायची गरज नाही. तेव्हा प्रश्न पाण्याचा होता, इथे तीच सवय विजेचे पैसे वाचवते.

ज्यांच्याकडे बोअर नाही, नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि साठवूनच वापरावं लागतं, त्यांना हा उपाय जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. गच्चीवरची काळी टाकी दुपारभर उन्हात तापते आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला तिच्यातलं पाणी सकाळपेक्षा बरंच उबदार असतं. घरातल्या ज्यांना सकाळी सातला बाहेर पडायचं नाही, त्यांची आंघोळ दुपारी ढकलता आली तर गीझर लागतही नाही किंवा अगदी थोडा लागतो. सकाळी आंघोळ करून देवपूजा करायची ज्या घरांत रीत आहे, तिथे हे सगळ्यांना पटणार नाही, हेही खरं.

गीझर, रॉड, गॅस की बंब?

'रॉडने बिल जास्त येतं' असं सर्रास म्हटलं जातं. उष्णतेच्या हिशेबात ते बरोबर नाही. रॉड पाण्यात बुडालेला असतो, त्याची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. १५०० वॉटच्या रॉडने १८ अंशांची २० लिटरची बादली बावीस-तेवीस मिनिटांत तयार होते. वीज वाया जाते ती रॉड लावून विसरल्यावर. गप्पांच्या नादात पाणी उकळायला लागतं आणि मग त्यात तेवढंच गार पाणी ओतावं लागतं.

रॉडची खरी अडचण सुरक्षेची आहे. पाणी तापलं का हे पाहायला बटण चालू असतानाच बोट घालणं, लोखंडी बादली वापरणं, अर्थिंग नसलेल्या सॉकेटला रॉड लावणं यातून दर हिवाळ्यात जीव जातात. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग पाण्याला हात, हा क्रम मोडायचा नाही. घरात आरसीसीबी बसवलेला असेल तर गळती होताच तो वीज तोडतो. हा खर्च बिल वाचवण्याच्या यादीत येत नाही, पण तो त्याच्या आधीचा आहे.

साठवणीच्या गीझरमध्ये एक जास्तीचा खर्च असतो. टाकीत तापलेलं पाणी हळूहळू थंड होतं आणि थर्मोस्टॅट ते पुन्हा पुन्हा तापवतो. 'गीझर चालूच ठेवला तर कमी वीज खातो' हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरकल्या आणि मग बटण बंद केलं, तर हा तोटा अगदी कमी होतो. शेवटच्या आंघोळीच्या पाच-दहा मिनिटं आधीच गीझर बंद केला तरी आतलं गरम पाणी पुरतं. नवा गीझर घेताना दुकानात ताऱ्यांचं लेबल पाहायचं ते याचसाठी. गीझरचे तारे पाणी किती लवकर तापतं हे सांगत नाहीत, साठवलेली उष्णता किती टिकते हे सांगतात.

या भागात बोअरचं पाणी जड आहे. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. त्यामुळे बिल दुप्पट होतं असं सांगून सर्व्हिसिंग विकलं जातं, पण कॉइल पाण्यातच असल्याने तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. थराने पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते. साफसफाई करावी, पण ती गीझर टिकावा म्हणून.

आता गॅस. १४.२ किलोच्या सिलिंडरचे ९०० रुपये धरले आणि शेगडीची निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ६० टक्के उष्णता पातेल्यात गेली असं मानलं, तर एका सिलिंडरमध्ये २० लिटरच्या साधारण १९५ बादल्या तापतात. बादलीमागे साडेचार रुपयांच्या थोडं वर. वीज पहिल्या टप्प्यात असेल तर तीच बादली साधारण ३ रुपये ४० पैशांना पडते, दुसऱ्या टप्प्यात ७ रुपयांना.

म्हणजे 'गॅस स्वस्त की वीज?' याचं एकच उत्तर नाही. महिन्याचा वापर १०० च्या आत असेल तर वीज स्वस्त. रेघ ओलांडली असेल तर ओलांडलेल्या भागापुरता गॅस स्वस्त. उज्ज्वला योजनेचं अनुदान मिळणाऱ्या घरात गॅस आणखी स्वस्त पडतो. आपल्या उदाहरणातल्या घराने वरच्या ४४ युनिटांएवढं, म्हणजे साधारण ७८ बादल्या पाणी गॅसवर तापवलं, तर ५५० ऐवजी ३६० रुपयांत भागतं. पण पातेल्यावर झाकण हवं, आणि उकळतं पातेलं उचलून न्हाणीघरात नेण्याचा धोका आहेच. घरात लहान मुलं असतील तर हे १९० रुपये वाचवण्याच्या मागे लागू नये.

खेड्यात अजूनही अंगणात बंब पेटतो. तुरीची रास झाली की तुराट्या, पुढे कापसाच्या पऱ्हाट्या. शेतातलं जळण असल्याने पैसे लागत नाहीत. पण ते गोळा करणं, रचणं आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून धुरात बसणं हे काम बहुतेक घरांत बाईकडेच असतं. 'फुकट' म्हणताना ते मोजलं जात नाही.

सोलर आणि दिवसाची सवलत

मराठवाड्यात हिवाळ्यातही ऊन भरपूर असतं. त्यामुळे गच्चीवर पाणी तापवणारा सोलर हा इथे सगळ्यात सरळ उपाय आहे. एकदा बसवला की ते ८४ युनिट जवळजवळ पूर्ण वाचतात. जड पाण्यासाठी काचेच्या नळ्यांचा सोलर बरा, तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने लवकर तुंबतात. अडचण एवढीच की भाडेकरूला आणि गच्चीवर हक्क नसलेल्या फ्लॅटधारकाला हा पर्याय सहसा मिळत नाही.

इथे आणखी एक गोंधळ होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचं केंद्राचं अनुदान मिळतं, पण ते वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी. पाणी तापवणाऱ्या सोलरला ते लागू नाही. दुकानदार 'सोलरला सबसिडी आहे' म्हणाला तर कोणत्या सोलरला, हे विचारा.

ज्यांच्याकडे स्मार्ट टीओडी मीटर बसलं आहे, त्यांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत मिळते. कागदावर छान. पण गीझर चालतो सकाळी सहा ते आठ. शाळा, ट्युशन, ऑफिसला जाणाऱ्यांना या सवलतीचा पाण्यासाठी उपयोग शून्य. घरी असणाऱ्यांनी आंघोळ नऊनंतर केली तर थोडा.

मग खोली गरम ठेवायची कशी?

खोलीची थंडी छतातून येते. निरभ्र रात्री सिमेंटचा स्लॅब आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो, पत्रा तर त्याहून वेगाने. म्हणून वरच्या मजल्यावरची खोली खालच्यापेक्षा जास्त गार लागते. हातपाय पसरायला जागा असेल तर थंडीचे दोन महिने खालच्या मजल्यावर झोपणं हा बिनखर्ची उपाय आहे.

जुन्या माळवदाच्या घरांत असं होत नसे. दोन-दोन फुटांच्या दगडमातीच्या भिंती आणि मातीचं जाड छत दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवायचं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच जड भिंती आणि छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार लोक गेले. त्यानंतर या भागाने सिमेंटची घरं स्वीकारली, आणि ते योग्यच होतं. पातळ भिंतींमधली थंडी आणि उन्हाळा ही त्याची त्या मानाने छोटी किंमत आहे.

त्या पातळ भिंतींच्या घरात ऊन आत घेणं महत्त्वाचं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, दुपारीही डोक्यावर येत नाही. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर शिरतं. सकाळी दहापासून चारपर्यंत ती खिडकी उघडी ठेवायची आणि दिवे लागण्याआधी बंद करून पडदा ओढायचा. शहाबादी फरशीवर सतरंजी टाकली की पायाला लागणारा गारवा जातो.

अंथरुणात तर हिटर लागतच नाही. झोपलेला माणूस स्वतःच ७०-८० वॉट उष्णता सोडत असतो. वाकळ किंवा गोधडी तीच अडवते. वर दोन पांघरुणं घेऊन खाली पातळ चादर असेल तर गारवा खालून येतो, म्हणून एक वाकळ अंगाखाली हवी. रील्समध्ये दिसणारा मेणबत्त्यांवर मातीची कुंडी पालथी घालायचा जुगाड मात्र सोडून द्या. एक छोटी मेणबत्ती जेमतेम तीस-चाळीस वॉट देते, कुंडी त्यात काही भर घालत नाही, आणि अंथरुणाजवळ आग राहते.

२००० वॉटचा रूम हिटर रोज दोन तास चालवला तर महिन्याला १२० युनिट, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात पंधराशे रुपये. रोजच्या वापरासाठी तो परवडत नाही. थंडीची लाट तीन दिवसांची असेल आणि घरात दम्याचे आजोबा असतील, तर त्याच हिटरचे १२ युनिट, दीडशे रुपये. तिथे काटकसर करू नये.

बाळंतिणीच्या खोलीचंही तसंच आहे. अनेक घरांत अजून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक दिला जातो आणि वारा लागू नये म्हणून दार-खिडकीच्या फटीही बुजवल्या जातात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचा धोकाही हाच. त्या खोलीत १००० वॉटचा हिटर बाजेपासून दूर ठेवून रोज दोन तास लावला, तर सव्वा महिन्याचे साधारण ७५ युनिट होतात, दुसऱ्या टप्प्यात साडेनऊशेच्या आत. आणि हिटर असला तरी खिडकीची एक फट उघडी राहू द्यावी.